किती बोटं दिसतात?

माझ्या नजरेचा मधला भाग गेलेला आहे, कडा शाबूत आहेत. समोरच्याचं तोंड दिसत नाही, पण त्याच्या बाजूचं दार दिसतं. पुस्तक वाचता येत नाही, रस्ता मात्र बिनधास्त पार करता येतो. एवढं साधं आहे. माझ्या बाबांना, म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकणाऱ्या माणसाला, हे मी दुसरीत असतानाच कळलं होतं. अमरावतीच्या माझ्या कॉलेजातल्या परीक्षा विभागाच्या बाबूला ते तीन खेट्यांत कळेना.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला मला लेखनिक हवा होता, मी सांगेन ते उत्तरपत्रिकेत लिहिणारा. तो नाही तर पेपर कोरा अन् सगळं शिक्षण पाण्यात. अर्ज, सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र, सगळं घेऊन मी एकटी गेले. हातात काठी नाही, सोबत कोणी नाही. तोच शहाणपणा नडला.

बाबूनं कागद पाहिलेच नाहीत, मला पाहिलं.

"एकटी आली काय वो? जिना चढून?"

"हो."

त्यानं हात वर केला. "हे किती बोटं?"

मी मान वळवली, डोळ्याच्या कडेनं पाहिलं आणि खरं सांगून मोकळी झाले. "तीन."

"मंग? मले येडा समजतं काय? तिरपी पाहून नाटक करून राहिली! आंधळे कसे येतात, मले माहीत आहे."

बोट केवढं, अक्षर केवढं, हे त्याला मी समजावत बसले. पालथ्या घड्यावर पाणी. प्राचार्यांकडे गेले, तर त्यांनी अर्ज परत त्याच्याकडेच पाठवला. मुदत संपायला दोन दिवस उरले. मेल्याला आंधळी पाहिजे ना? घे मग आंधळी!

बाबांना फोन केला, उद्या या, ऑफिसात सोबत लागते. नाटकाचं सांगितलं नाही, लाज वाटली. बाबा दुकान बंद ठेवून पहिल्या एसटीनं आले. मी काळा चष्मा लावला, त्यांचा दंड धरला, पायरी पायरी चाचपत जिना चढले. दाराजवळच्या खुर्चीवर मुद्दाम आपटले. गुडघ्याला लागलं ते मात्र खरं.

बाबू उठून उभा राहिला. पुन्हा हात वर. चार बोटं होती, कडेनं स्वच्छ दिसली.

"किती?"

"काहीच दिसत नाही, साहेब."

"अरेरे!" त्यानं सही केली, शिक्का मारला. वर बाबांनाच बोलला, "काका, पयलेच सोबत याचं होतं न. पोरीले उगाच चकरा." मग चहा मागवला. मी तो प्यायले. बाबूचा राग येतोच, पण त्या चहासाठी मला माझा जास्त येतो.

परवानगीचा कागद घेऊन आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. एरवी बाबा गाडीत शेजारच्या माणसालाही बोलतं करतात. त्या दिवशी मूर्तिजापूर येईपर्यंत माझा दंड धरून बसले. मग हळूच म्हणाले, "कवापासून दिसून नाही राहिलं माय? आमाले सांगतलं काहून नाही?"

मला आधी हसू आलं. चष्मा काढला, सगळं नाटक उलगडून सांगितलं, आईची शपथ घेतली. खिडकीबाहेरची झाडं मोजून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं माय, बरं," म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आजारी माणसाशी बोलावं तसं बोलले.

लेखनिक मिळाला. पेपर दिले, पहिल्या वर्गात पास झाले. आता नोकरीचे अर्ज भरते आणि सकाळी दुकानावर बसते. किडकी वांगी बाजूला काढायचं काम माझं आहे, ते मी बोटांनी करते आणि चुकत नाही. मी पाट्या भरून ठेवल्या की बाबा पाठीमागे येतात आणि आवाज न करता एकेक वांगं पुन्हा पाहतात. मी मान वळवत नाही, तरी ते मला कडेनं दिसतात.