तार ओढून बघणे

डेअरीच्या कचेरीत साहेबांच्या टेबलासमोर भिंतीवर एक पडदा लावलेला होता आणि त्यावर दिवसभर हिरव्या रंगात एकच आकडा असे: सत्त्याण्णव. आमच्या नोंदी किती टक्के निरोगी आहेत, ते तो आकडा सांगायचा. आकड्यांवर माझा पहिल्यापासून जीव. वीजबिल आलं की मी आधी मीटर बघतो, मग बिल. त्यामुळे तो हिरवा आकडा बघून मला बरं वाटे, हे कबूल करायला हरकत नाही.

गोवा राज्य झालं तेव्हा मी कॉलेजात होतो. कोंकणी की मराठी, यावर आमच्या घरातच दोन तट होते आणि जेवताना भांडण ठरलेलं. पुढे नोकरी लागली ती डिचोलीच्या एका खाजगी डेअरीत, संगणक विभागात. तिथे नोंदी इंग्रजीत आणि भांडणं कोंकणीत. मी हे मराठीत लिहितो आहे, कारण हिशेब मला याच भाषेत सुचतो.

आमच्या ताब्यात एक मोठी नोंद होती. डेअरीतला प्रत्येक संगणक, प्रत्येक सर्व्हर, प्रत्येक प्रोग्रॅम तिच्यात लिहिलेला. कचेरीत तिला सगळे सीएमडीबी म्हणत. यंत्रं लिहून ठेवणं सोपं असतं. ती दिसतात, मोजता येतात. खरं काम असतं त्यांच्यामधल्या रेघांचं, म्हणजे हे यंत्र बंद पडलं तर पुढे काय काय बंद पडेल, त्याचं. रेघ डोळ्यांना दिसत नाही. ती चुकली तरी त्या दिवशी कुणाचं काही अडत नाही.

एका डिसेंबरात ठरलं की खालच्या खोलीतला जुना सर्व्हर महिनाअखेर कायमचा बंद करायचा. बंद करण्याआधी त्यावर काय अवलंबून आहे ते बघायला मी नोंद उघडली. एकच रेघ होती. ती जात होती ‘इतर सेवा’ नावाच्या एका चौकोनाकडे. मी तो चौकोन उघडला, तर तिथे डेअरीतली जवळजवळ तिसरा हिस्सा यंत्रं येऊन टेकलेली. अशी कुठलीही सेवा आमच्याकडे नव्हती. ज्या यंत्राला एकही रेघ नाही ते पडदा लाल दाखवतो, म्हणून आधीच्या कंत्राटदाराच्या माणसांनी सगळी निराधार यंत्रं एका खोट्या खुंटीला बांधून टाकली होती. सत्त्याण्णव हा आकडा त्यातून आलेला.

माझ्याबरोबर पेडण्याची एक मुलगी काम करायची. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, मला दादा म्हणणारी. मोरजीच्या अलीकडच्या एका वाड्यावर तिचं घर. आई दोन म्हशी पाळायची आणि आमच्याच डेअरीच्या तिथल्या केंद्रावर दूध घालायची. तिने पडदा बघितला आणि म्हणाली, “दादा, हो आकडो म्हणजे आमच्या गावच्या ढोंगी भटजीसारखो. कपाळ भरून गंध, मंत्र एकूय येना.”

मी ‘इतर सेवा’ पुसून टाकली. पडदा लाल झाला. एकसष्ट.

साहेब कोल्हापूरकडचे. मनाने चांगले, पण पुढच्या गुरुवारी मुख्य कचेरीची तपासणी होती. “अवो, काय केलंसा हे? तेवढा गुरुवार जाऊ द्या, मग पुसा की!”

“पुन्हा लिहायची तर खरी रेघ लिहीन, साहेब. खोटी नाही लिहिणार.”

“मग एक काम करा. तो जुना डबा तासभर बंद ठेवा. ज्याचं अडंल तो बोंबलंल. बोंबललं की लिहा रेघ.”

पद्धत वाईट नव्हती. आमच्या धंद्यात ती सर्रास चालते, आणि मलाही ती पटली. दुपारी आम्ही सर्व्हर तासभर बंद ठेवला. दोन फोन आले: एक हिशेबखात्यातून, एक फाटकावरच्या वजनकाट्यावरून. मी दोन रेघा लिहिल्या, आणि प्रत्येकीपुढे कोणी बघितली आणि केव्हा, तेही लिहिलं. साहेब खूश झाले. सर्व्हर सोमवारी संध्याकाळी कायमचा बंद करायचं ठरलं.

मधल्या रविवारी आम्ही सर्वणला सासुरवाडीला जेवायला गेलो. मेहुण्याने घरामागे रताळी लावली होती आणि रानडुकरांसाठी कुंपणाला तार बांधून तिच्या टोकाला पत्र्याचा डबा टांगला होता. डुक्कर तारेला लागलं की डबा वाजणार. जेवताना तो फुशारकी मारत होता, “भावजी, दुकर येवपाचेच बंद जाले. आठवडो जालो, डबो वाजूंक ना!”

हात धुऊन आम्ही मळा बघायला गेलो. वेल उपटलेले, माती उकरलेली, कोपऱ्यातली निम्मी रताळी खाऊन टाकलेली. डबा आपल्या जागी होता. तार मात्र त्याच्यापासून सुटून खाली गवतात पडली होती.

बायकोने भावाकडे बघितलं. “डबो वाजूंक ना खरें. दुकर मात जेवून गेले.”

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता थांबलो. आमचा तासाभराचा प्रयोग याच जातीचा होता. ज्याचं काम नडलं त्याने फोन केला. पण ज्या यंत्राचं कामच मुळी ओरडण्याचं असेल, ते बंद केल्यावर कोण ओरडणार?

सोमवारी सकाळी मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की आता प्रश्न उलटा विचारायचा. या सर्व्हरकडे कोण येतं ते सोडून द्यायचं. हा स्वतः बाहेर कुणाला काय कळवतो, ते शोधायचं. दुपार व्हायच्या आत सापडलं. पेडण्याच्या केंद्रावर संध्याकाळचं दूध एका मोठ्या टाकीत थंड करून रात्रभर ठेवतात. केंद्रचालक टाकीला कुलूप लावून घरी जातो. टाकी गरम व्हायला लागली की जुना सर्व्हर त्याच्या मोबाईलवर संदेश पाठवत होता. ही सोय करणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला, आणि नोंदीत तिची रेघ नव्हती.

तिने केंद्राचं नाव पुन्हा वाचलं. मग म्हणाली, “आमच्या आईचं दूध त्याच टाकीत असतं, दादा. सगळ्या वाड्याचं असतं.”

टाकी रात्री बिघडली आणि कुणाला कळलं नाही तर सकाळी सगळं दूध ओतून द्यावं लागतं. आणि सर्व्हर संध्याकाळी बंद होणार होता.

साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, “असंल, नसंल. तुमी बघितलंय का?”

प्रश्न रास्त होता. न बघितलेली रेघ मीच लिहीत नव्हतो. मी आणि ती मुलगी तिच्या स्कूटरवरून कोलवाळचा पूल ओलांडून केंद्रावर गेलो. केंद्रचालक सावंतवाडीकडचा. टाकीतला तापमापक काढून मी गरम पाण्याच्या तांब्यात धरला तेव्हा तो घाबरला. “अरे, कित्याक? बिघडतलो तो!”

त्याचा मोबाईल वाजला. टाकी गरम, असा संदेश. त्याने सवयीने टाकीकडे धाव घेतली, मग स्वतःच हसला.

तापमापक निवू दिला आणि साहेबांना फोन लावून सर्व्हर बंद करायला सांगितलं. मग पुन्हा गरम पाणी. आम्ही तिघं टेबलावरच्या त्या मोबाईलकडे बघत उभे राहिलो. बाहेर कुणीतरी दुधाची किटली आपटत होतं. मोबाईल गप्प.

साहेबांनी फोनवरून विचारलं, “बंद हाय बरं का. बोंबललं का कोण?”

“कोणी नाही, साहेब.”

“आसं म्हणा की,” साहेब म्हणाले. “चालू करतो मी. आज काय बंद करायला नको.”

ती पायरीवर जाऊन आईला फोन करत होती. काय झालं ते तिने सांगितलंच नाही. म्हशींनी आज किती दिलं, एवढंच विचारलं.

गुरुवारी तपासणीच्या बाई आल्या. पडद्यावर लाल चौसष्ट. गेल्या वेळी तर सत्त्याण्णव होतं ना, असं त्यांनी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. “ह्यांनी पाडला.”

“हो, मी पाडला,” मी म्हणालो. “आता चढेल तो एकेक रेघ बघून चढेल.” आणि मी पेडण्याच्या टाकीची गोष्ट सांगितली. बाईंनी ती लिहून घेतली आणि आकड्याचं पुन्हा विचारलं नाही. साहेब मात्र पुढे कित्येक दिवस त्या पडद्याकडे पाठ करून बसत.

टाकीचा संदेश नव्या सर्व्हरवर हलवला, पुन्हा केंद्रावर जाऊन गरम पाण्याने तपासला, आणि मगच जुना बंद केला. सत्त्याण्णवपर्यंत आम्ही त्या वर्षी पोचलो नाही, पुढच्या वर्षीही नाही. कारण मी नियमच केला की वर्षभर कुणी न बघितलेली रेघ आपोआप संशयित धरायची आणि टक्क्यात मोजायची नाही. नव्या रेघा लिहीत होतो तेवढ्यात जुन्या शिळ्या होत. माणसं बदलत, यंत्रं हलत. यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. पुन्हा जायचं आणि पुन्हा बघायचं.

मेहुण्याने तार परत बांधली. आता रोज संध्याकाळी गुरं बांधून झाली की तो मळ्याच्या कडेला जातो आणि तार एकदा हाताने ओढतो. डबा खणखणतो. शेजारी चिडवतात, “किदें रे, तूंच दुकर जालो?” डबा वाजला, एवढं तो बघतो आणि घरात येतो.