हिचा वरवंटा

चौऱ्याहत्तर साली रजा संपवून बहरीनला परत निघालो, तेव्हा फॅमिली व्हिसावर बायको पहिल्यांदा सोबत होती. आईने गोधडीत पाटा-वरवंटा बांधून दिलेला. विमानतळावर वजन जास्त भरलं. मी पाटा काढून पोचवायला आलेल्या मेव्हण्याच्या हातात दिला.

"अहो, वरवंटा म्हणजे पाट्याचं लेकरू. तोडलंत ना आईपासून!"

"मग घे मांडीवर."

मी चेष्टेने बोललो. तिने खरंच घेतला.

पाट्याविना वरवंट्याचा उपयोग काय? वाटणाला पुढे मिक्सर आला. पण आपल्यात कुणाकडे मूल झालं की बाराव्या दिवशी आमच्या दारात निरोप. बारशाला आधी वरवंट्याला न्हाऊ घालून, टोपरं चढवून पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, मग बाळाला. आमच्या ओळखीत वरवंटा हा एवढाच.

आमचा मुलगा इथल्या सलमानिया इस्पितळात झाला नि आठव्या दिवशी गेला. बारसं राहिलं. नाव नाही त्याला. दोन महिन्यांनी शेजारीण वरवंटा मागायला आली आणि दारातच थबकली. हीच उठली. आमच्या पोरासाठी शिवलेलं टोपरं वरवंट्याला घातलं, म्हणाली, "चल गं, मुहूर्त टळेल." पुढे किती बारशी झाली, टोपरं तेच. मी एकदाही सोबत गेलो नाही. ड्युटी आहे म्हणायचो. खोटं बोलायचो.

मागच्या वर्षी ही गेली. इथल्या मराठी मंडळाने एका खोलीत सुरुवातीला आलेल्यांच्या वस्तू मांडल्या. म्युझियम म्हणे. कुणाची पत्र्याची ट्रंक, कुणाचा स्टोव्ह. चिटणीस म्हणाला, "काका, काकूंचा वरवंटा द्या, जपून ठेवू." दिला. टोपरं नाही दिलं. बघायला गेलो तर काचेआड वरवंटा, खाली चिठ्ठी: मसाला वाटण्याचा दगड.

परवा सनाबिसला एका मुलीकडे बारसं निघालं. चिटणीस म्हणतो, "काका, वस्तू बाहेर काढायची नाही. नियम आहे."

"तुझा नियम खलास. पोर पाळण्यात आहे."

कपाट मीच उघडलं, घरून टोपरं घेतलं नि सनाबिसला गेलो. बायकांच्या घोळक्यात जायचा धीर होईना, दाराशीच थांबलो. बाळाची आई म्हणाली, "काका, आत या ना. वरवंट्याला टोपरं तुम्हीच घाला." घातलं. नाडी काही बांधता आली नाही. तिनेच बांधली.

गावच्या मंडळींनो, तुम्ही पत्रात लिहिता, एकटा काय करतोस तिथे, घरी ये. पोराला मी इथल्या वाळूत पुरलंय. हिला अग्नी इथेच दिला. माझी दोन माणसं होती, दोन्ही इथे आहेत. घर तेच.