सिगप्पी आच्चीचं लाल गाठोडं

सिगप्पी आच्चीचं लग्न बाराव्या वर्षी झालं; आच्ची म्हणजे आमच्यात लग्न झालेल्या बाईला मानानं म्हणतात. त्या दिवसाचं तिला एवढंच नीट आठवे, की गळ्यातल्या कळुत्तिरूच्या वजनानं मान अवघडली होती. कळुत्तिरू म्हणजे आमच्या तमिळ मुलखातल्या चेट्टियार सावकारांच्या बायकांचं मंगळसूत्र, चांगलं ओंजळभर सोनं. नवऱ्याचा चेहरा मात्र आठवत नसे. हळद उतरायच्या आत नाच्चियप्पन बोटीत बसला आणि ब्रह्मदेशात, मोलमेनच्या पेढीवर निघून गेला.

आमच्यात हे चालायचंच. पुरुष तीन तीन वर्षं पेढीवर, मग दोन-चार महिने घरी. घरी म्हणजे तरी कुठे? बाहेरच्या ओसरीवर, भावांबरोबर पानं खात. बायको आतल्या चौकात, आपल्या वेगळ्या चुलीशी. एका घरात जितक्या सुना तितक्या चुली. बाकीच्या चुलींवर हंडे चढत, सिगप्पीच्या चुलीवर एका माणसाचा भात.

मोलमेनला नाच्चियप्पनची दुसरी बाई होती, मुलं होती. गावाला ठाऊक होतं, सिगप्पीलाही. पुरुषानं परदेशात केलेलं समुद्रातच धुतलं जातं, असं आमची शहाणी माणसं सांगत. बायकांसाठी असं पाणी कुणी शोधलं नाही. मूल नाही म्हणून बोल ऐकायचे ते सिगप्पीनंच.

तिनं सगळं सोसलं ते साठीच्या आशेवर. आमच्याकडे नवऱ्याला साठ वर्षं पुरी झाली, की त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लागतं. तिथे मोलमेनची बाई चालत नाही. एक अख्खा दिवस त्याला सिगप्पीशेजारी बसावं लागणार होतं, चारचौघांत तिच्या तोंडाकडे बघावं लागणार होतं. कळुत्तिरू घालायचं ते याच दोन दिवशी. मधली सगळी वर्षं ते लाल रेशमात बांधून पेटीत असतं, आणि गाठ सोडणं अशुभ. दर पोंगलला सिगप्पी ते गाठोडं मांडीवर घ्यायची, वजन बघायची आणि परत ठेवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अजून एक ठेवा तिच्याजवळ होता. तिशीत असताना एकदा नवरा आपणहून तिच्या खोलीत आला होता. परत निघायच्या आदल्या रात्री. "तुझ्या हातची चिंचेची आमटी तिकडे मिळत नाही गं," म्हणाला. तिच्या केसांतून हात फिरवला. ती त्याच्या दंडावर डोकं ठेवून अशी गाढ झोपली, की तो उठून गेल्याचं कळलंही नाही. ती रात्र तिनं आयुष्यभर पुरवून पुरवून वापरली.

साठीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं. न्हाऊन नवं लुगडं नेसून सिगप्पी चौकात बसली. थोरली जाऊ वळ्ळिअम्मै हिनं पेटी आणली, पाच सवाष्णींसमोर रेशमाची गाठ सोडली, आणि आतून नदीतले गुळगुळीत दगड घरंगळले.

"अगं बाई! सिगप्पी, सोनं कुठाय?"

ओसरीवरून नवऱ्याला बोलावलं. त्यानं दगडांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

"मला काय विचारता वहिनी? पेटी तिची, किल्ली तिच्या कमरेला. मी समुद्रापलीकडचा माणूस."

किल्ली आयुष्यात एकदाच कमरेवरून हलली असेल, तर ती त्या रात्री. सिगप्पीला ते तिथल्या तिथे कळलं, आणि सोन्याहून जास्त ती रात्र गेल्याचं दुःख झालं. मेल्यानं तेवढं तरी ठेवायचं होतं!

"बोल की गं," जाऊ ओरडली. "माहेरी पोचवलंस ना भावाकडे?"

बोलली असती तर तिचे भाऊ उठून गेले असते, मांडव मोडला असता. बाहेर भटजी मुहूर्तासाठी घाई करत होते. एवढी वर्षं जिची वाट पाहिली ती घटका दारात उभी होती.

"माझ्याकडूनच हरवलं असेल," सिगप्पी म्हणाली.

मग जावेचं कळुत्तिरू उसनं आणलं. दोघांच्या डोक्यावर कलशातलं पाणी पडलं, सनई वाजली. गाठ मारायला तो मानेशी वाकला आणि कानाशी हळूच बोलला, "शहाणी आहेस." दिवसभरात तो तिच्याशी बोलला ते एवढंच. अक्षता सुकायच्या आत वळ्ळिअम्मैनं आपला दागिना तिच्या गळ्यातून काढून घेतला. पेटीची, खोलीची, कोठाराची किल्लीही घेतली.

दुपारी बायकांची पंगत बसली. वाढता वाढता जाऊ म्हणाली, "आता तरी खरं सांग, कुणाला दिलंस?"

सिगप्पीनं पानावरून मान वर केली. "नवऱ्याला," ती म्हणाली.

मग एक फिसकन हसली, आणि अख्खी पंगत अशी हसली की दोघीतिघींना ठसका लागला. "नवऱ्याला म्हणे! तो तरी कधी मिळाला होता तुला?"

आठवड्यात नाच्चियप्पन बोटीनं गेला आणि तिकडेच मेला. सिगप्पी पुढे पुष्कळ जगली. आमच्या गावात अजून पळी नाहीतर विळी सापडेनाशी झाली की बायका म्हणतात, "नवऱ्याला दिली असेल!" आणि हसतात. आच्ची जिवंत असताना तिच्यासमोरही म्हणत. ती आपल्या एका माणसाच्या भाताखालचा जाळ सारत बसलेली असे.