पिठावरचं नाव

इथे परदेशात, बॉथेल गावातल्या माझ्या किचनमध्ये पीठ सांडलं की मला पिस्कॅटवे गावातली ती जुनी दुपार आठवते. तेव्हा मी तिथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकत होते आणि आई नागपूरहून माझ्याकडे आली होती. ती पोळ्या लाटत होती, मी तिला शार्लमेन राजाबद्दल सांगत होते. त्याने युरोपभर शाळा काढायला लावल्या, पण त्याला स्वतःला लिहिता येईना, म्हणून म्हातारपणी उशीखाली पाट्या ठेवून अक्षरं गिरवायचा.

"मग आलं का त्याला?" आईने विचारलं. तिने शाळा कधी पाहिली नव्हती.

"नाही जमलं."

तिने ओट्यावरच्या पिठात बोटाने सावकाश लिहिलं, 'सुजाता'. माझं नाव. तिला तेवढंच येत होतं.

"मला जमलं," ती म्हणाली, आणि तळव्याने पुसून पुढची पोळी लाटायला घेतली.

आता आई नाही. आज पिठात मी तिचं नाव लिहिलं आणि पुसायला हात धजेना.