सीट अडवून ठेव

आखातात, हूऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये वस्तू भिरकावण्याचा मान बाबांचा. जवळच्याच तुबली भागातल्या एका गॅरेजमध्ये ते मॅनेजर होते. तिथे मालकापुढे मान खाली घालायची आणि घरी येऊन वड्याचं तेल वांग्यावर काढायचं. कुकरचं झाकण लागून आईचा डावा कान कायमचा अधू झाला होता. ती स्वतः हॉस्पिटलात नर्स, पण तिथेही तिने तोंडातून ब्र काढला नाही. मला दोघांचाही राग यायचा. ते मारतात म्हणून त्यांचा, ती सोसते म्हणून तिचा.

बारावीत मी अमेरिकेतलं एक कॉलेज मनात धरून बसले होते. भल्याभल्यांना तिथून नकार येतो. शाळेतल्या काउन्सेलर मॅडमनी आईला आणि मला बसवून समजावलं, की लवकरच्या फेरीत अर्ज केला तर शक्यता वाढते, पण निवड झाली की तिथेच जायचं, माघार नाही. पालकांनीही ते ऑनलाइन मान्य करायचं. आमच्या घरात पालक म्हणजे बाबा.

शुक्रवारी दुपारी सुरमई खाऊन ते खुशीत होते तेव्हा मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अर्धंच ऐकलं. आमच्याकडच्या बापांना अ‍ॅडमिशनचा एकच प्रकार ठाऊक: मिळेल ती सीट आधी धरायची, चांगली मिळाली की पहिली सोडायची. स्वतःच्या वेळी बाबांनीही तेच केलं होतं.

"अडवून ठेव. पुण्यात इंजिनिअरिंगला नंबर लागला की ही कॅन्सल. खलास."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "होते कॅन्सल. मी विचारलंय मॅडमना."

आई धडधडीत खोटं बोलत होती. बाबांनी 'मान्य'वर क्लिक केलं आणि मग त्यांची नजर वर आली.

"तू कधी गेलीस शाळेत? कुणाला विचारून?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी तिचे केस धरले आणि डोकं फ्रिजवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तिचा ओठ फुटला. मी स्टीलचा तांब्या उचलून त्यांच्या कपाळावर फेकला. नेम बसला आणि मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. त्यांनी माझा हात असा पिरगळला की खांद्यातून कळ गेली. मग कपाळाला रुमाल लावून ते गाडीची किल्ली घेऊन निघून गेले.

आई फरशीवर बसून होती. मी म्हणाले, "मी नाही पाठवत हा अर्ज. तुला यांच्या तावडीत टाकून मी कुठेही जाणार नाही."

तिने मला कानशिलात लगावली. आयुष्यात तिने माझ्यावर हात उचलला तो तेवढाच, आणि बाबांइतकाच जोरात.

"माझ्यासाठी राहणार? म्हणजे उद्यापासून दोघींनी मार खायचा?" तिचा आवाज चिरकला होता. "तू इथे असलीस तर मला दुप्पट लागतं. पाठव."

मी रडत रडत बटण दाबलं. स्क्रीनवर अर्ज पोचल्याचं आलं. आईने ते दोनदा वाचून घेतलं, भिंतीला धरून उठली आणि फ्रीजरमधून बर्फ काढून माझ्या गालाला लावला. तिच्या ओठातून अजून रक्त येत होतं.