रानातले टोमॅटो

ये गं, अशी जवळ बस. वर्षभर आजीकडं फिरकली न्हाईस, असं करत्यात व्हय? आपल्या झऱ्याच्या वरच्या रानात टँकरवाल्यांनी शहरातल्या गटाराचा गाळ पसरला. झाडांना खत म्हणे! पावसाळ्यात तिथं टोमॅटो उगवले. माझी धाकटी जाऊ ओटी भरून घेऊन आली.

"जाऊबाई, ओतूरच्या बाजारातबी असे मिळायचे न्हाईत. देवानंच लावल्यात!"

"अगं येडे, शहरातल्या कुणाच्या तरी पोटातनं आलेलं बी हाय ते. टाक!"

हसतहसत तिनं टाकले. मग आमी दोघी झऱ्यावर गेलो, तर पाण्यावर फेस व्हता आन् त्याला गाळाचाच वास येत व्हता. तवापासनं लांबच्या हापशावरनं पाणी आणते. गुडघे लई दुखत्यात. पुन्हा लवकर ये बाई, चार दिवस ऱ्हायला. घागर उचलायला सोबत व्हईल.