विमलबाईंनी लॅपटॉप उगवून पाहिला

अमडापूरच्या विमलबाईंना काही विकायचं असेल तर विकणाऱ्याने दुपार मोकळी ठेवावी. टोपली घेताना त्या ती पालथी घालून तिच्यावर बसतात. माठ वाजवून तर सगळेच बघतात. विमलबाई त्यात पाणी भरायला लावतात आणि माठाचं बूड पाझरतं का ते बघत कुंभाराच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहतात. घरच्या सोयाबीनचं बियाणं पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि चौथ्या दिवशी कोंब मोजायचे, हे गावात पुष्कळजण करतात. विमलबाई ते तीनदा करतात. नवरा, पंजाबराव, म्हणतो, "लग्नाच्या टायमाले मलेच गोणपाटात घातलं नाही, नशीब मायं."

"घातलं असतं त कोंब फुटला नसता," असं त्या त्याला तिथल्या तिथे सुनावतात.

फक्त एका वस्तूपुढे या बाईचं काही चाललं नाही, ते म्हणजे कपाशीचं पाकीट. बीटी आली आणि घरची सरकी राखायचं संपलं. साडेचारशे ग्रॅमचं सीलबंद पाकीट, फोडलं की वापस नाही, आणि मागणीतलं नाव हवं असेल तर सोबत दुकानदार म्हणेल ती औषधाची बाटलीही घ्यायची. त्याला लिंकिंग म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याच्या हातात असलेली पारख त्या चकचकीत पाकिटाने काढून घेतली आणि कोणी चूं केलं नाही. विमलबाईंनी एका वर्षी हट्टाने बीटीच्याच झाडाची सरकी राखून दोन तासांत, म्हणजे वावरातल्या दोन ओळींत, लावून पाहिली. झाडं कमरेएवढी आली, बोंडं मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. त्या दिवसापासून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली. नव्या जमान्याची वस्तू जुनी झाली की फुकट.

हा खिळा पुढे त्यांना फार महागात पडता पडता राहिला.

विमलबाई अकरा बायकांच्या टोळीच्या मुकादमीण. जूनमध्ये सरकी टोबायची, मग निंदायचं, दिवाळीपासून वेचायचं. टोबणी म्हणजे आधी वावरात उभ्या-आडव्या रेघा पाडायच्या आणि जिथे रेघ रेघेला कापते त्या प्रत्येक फुलीवर वाकून सरकी दाबायची. एका एकरात हजारो फुल्या. वीस वर्षं वाकून वाकून विमलबाईंची कंबर अशी झाली होती की बसल्यावर उठताना त्या आधी जमिनीला आणि मग सरकारला शिव्या देत.

मुलगी निशिगंधा तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होती. साल दोन हजार अठरा. आदल्या हिवाळ्यात गुलाबी बोंडअळीने अर्ध्या गावाची कपाशी आतून पोखरली होती आणि टोळीला वेचायचं कामच उरलं नव्हतं. तरी पोरीच्या शिक्षणाला विमलबाईंनी हात लागू दिला नाही. निशिगंधाने प्रकल्प घेतला होता तो आईच्या कमरेवरूनच. उभ्याने सरकी टोबायची काठी. वर सरकीची नळी, खाली चोच, हाताने खटका दाबला की चोच उघडते आणि फुलीवर एक सरकी पडते. एकूण एकतीस भाग. प्रत्येक भाग कॉम्प्युटरवर काढायचा, जोडायचा, हलवून दाखवायचा. ज्या चार मुलांची चित्रं उत्तम ठरतील त्यांची यंत्रं कॉलेज स्वतःच्या वर्कशॉपमध्ये, स्वतःच्या लोखंडात घडवून देणार होतं. मुदत वीस सप्टेंबर.

कॉलेजात साठ मुलांना चालू स्थितीतले अठरा कॉम्प्युटर. आठवड्यातून दोन तास वाट्याला. निशिगंधाचे ऑगस्टअखेर नऊ भाग झाले होते.

"लॅपटॉप लागते, माय," ती म्हणाली. "नाहीतर काठी कागदावरच राह्यते."

घरात तीस हजार होते. दोन हंगामांच्या मजुरीतले राखलेले आणि शिष्यवृत्तीचे आलेले. ते एकदाच खर्च होणार होते. चुकलं तर दुसऱ्यांदा नाही, हे तिघांनाही माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवलं नाही.

निशिगंधाने सगळं विचारून ठेवलं होतं. चिखलीला स्टँडमागच्या गल्लीत जुनेद नावाचा माणूस मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप आणून दुरुस्त करून विकतो. डिझाइनच्या कामासाठीच बनलेली दणकट मशीन, नव्याला लाखाच्या घरातली, त्याच्याकडे पंचवीसच्या आत.

"जुनी?" विमलबाई म्हणाल्या.

"हाव, पण..."

"त्या दोन तासाची सरकी इसरली का? झाडं दिसले, बोंडं दिसले नाहीत. नवीनच घ्याचा."

"माय, सरकी अन् लॅपटॉप एक हाय का?"

"तू शिकेल हायेस, मी चटके खाल्लेली हावो. चाल."

आणि जी बाई टोपलीवर बसून बघते, तिने चिखलीतल्या सगळ्यात गर्दीच्या दुकानात जाऊन, जिथे जास्त माणसं तिथे माल चांगला अशा हिशोबाने, एक बारीकसा, चंदेरी, पापडासारखा लॅपटॉप पाहिला आणि दोन हजार रुपये आगाऊ देऊन टाकले. मृगात पाकिटासाठी रांग लागते तशीच ती रांग होती. त्या रांगेत भल्याभल्यांची अक्कल जाते.

गुरुवारी दोघी उरलेले पैसे घेऊन गेल्या. दुकानातला विक्रेता दीपक, गळ्यात पट्टा, बोलणं गोड. त्याने डबा पुढे केला आणि बिल केलं. साडेएकोणतीस हजारांचं बिल तेहतीसवर गेलं होतं.

"हे काय?" विमलबाई.

"मॅडम, बॅग, अँटीव्हायरस आणि विमा. या मॉडेलसोबत घ्यावंच लागतं."

"घ्यावंच लागते म्हंजे?"

"कंपनीचं कॉम्बो आहे."

विमलबाईंनी बिलाकडे पाहिलं, मग दीपककडे. पंधरा वर्षांपासून कृषी केंद्राच्या काउंटरवर गिळलेला राग एका झटक्यात वर आला.

"कोन्त्या गावचा हायेस बाबू तू?"

"धाडचा."

"बाप काय करते?"

"शेती."

"मंग तुले लिंकिंग समजाले पाह्यजे होतं. बापानं ज्यासाठी बोंबा मारल्या, तेच तू गळ्यात पट्टा घालून करून राह्यला?"

दीपकचा चेहरा उतरला. मागची दोन गिऱ्हाइकं हसली. आणि तिथेच विमलबाईंचा रस्ता पुन्हा त्यांच्या पायाखाली आला. त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"निशे, तुया डबीतलं ते काढ. जे कालेजात केलं ते. ह्या पेटीत टाकून दाखवा म्हणा. उगवते का पाहू, मंग पैशाचं बोलू."

"मॅडम, ते सॉफ्टवेअर टाकायला तास-दीड तास लागतो."

"सोयाबीनले चार दिवस लागतात. तुया पेटीले दीड तास जड झाला का?"

मित्राकडून आणलेल्या छोट्या डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये, निशिगंधाकडे विद्यार्थ्यांना मिळतं ते सॉफ्टवेअर होतं आणि झालेले नऊ भाग. शिवाय तपासायला सरांनी दिलेली एक जुनी जोडणी, चाळीस भागांची. सॉफ्टवेअर चढू लागलं. विमलबाईंनी जेवणाचा डबा सोडला. दुकानाच्या गार हवेत भाकरी-ठेच्याचा वास पसरला. येणारं गिऱ्हाईक विचारी, "काकू, कसा हाय लॅपटॉप?" त्या म्हणत, "कोंब निंघाचा हाय अजून."

दीड तासाने निशिगंधाने जोडणी उघडली. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. पंख्याचा आवाज वाढला. मग चित्र आलं, तिने ते फिरवायला बोट हलवलं आणि सगळं थिजलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा थिजलं. तिसऱ्यांदा सॉफ्टवेअरच बंद पडलं.

"शंभरात किती?" विमलबाईंनी विचारलं.

"शून्य, माय."

आगाऊ रक्कम परत होत नाही, असं पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं होतं. विमलबाईंनी ते निशिगंधाकडून मोठ्याने वाचून घेतलं, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग म्हणाल्या, "मले घाई नाही. अमडापूरची शेवटची गाडी संध्याकाळी हाय. तोवर आल्यागेल्याले सांगतो, का माल पाह्यला अन् थिजला." गर्दीच्या दुकानाला गर्दीचाच धाक असतो. वीस मिनिटांत दोन हजार हातात पडले. पैसे देताना दीपक खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, लिंकिंगचं मनावर घेऊ नका. वरून सांगतात."

"बापालेबी वरूनच सांगत होते," विमलबाई म्हणाल्या, पण आवाजात आता धार नव्हती.

बाहेर आल्यावर त्या स्टँडच्या दिशेने चालू लागल्या. निशिगंधा मागोमाग. स्टँड आला, विमलबाई थांबल्या नाहीत. मागच्या गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर मान न वळवता म्हणाल्या, "कोन्तं दुकान?"

निशिगंधा हसली नाही. एवढं तिला कळत होतं.

जुनेदचं दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. त्याने दाखवलेला लॅपटॉप काळा, जाडजूड, कोपऱ्यावर खरचटलेला, पाट्यासारखा जड.

"हा त मेला हाय," विमलबाई म्हणाल्या.

"मावशी, सूरत पे मत जाओ," जुनेद म्हणाला. "काय करायचं त्याच्यावर, ते सांगा."

"उगवून पाहाचं."

त्याला आधी कळलं नाही. निशिगंधाने समजावल्यावर त्याने मान हलवली. "हाव, बरोबर आहे. सगळे फक्त रंग विचारतात."

सॉफ्टवेअर चढेस्तोवर त्याने मागचं झाकण उघडून दाखवलं. "त्या दुकानवाल्यानं काय सांगितलं असेल? एक हजार जीबीची जागा?"

"हाव. लय मोठी कोठी हाय म्हने."

"कोठी मोठी, पण खळं केवढं? माल ठेवायचा कोठीत, काम करायचं खळ्यावर. हे रॅम म्हणजे खळं. त्याच्यात चार, याच्यात आठ, आणि ही दुसरी खाच रिकामी आहे, पुढे सोळा होईल. आणि हे चित्राचं वेगळं कार्ड. चित्र फिरवायला स्वतंत्र बैलजोडी समजा. त्याच्यात ती नव्हतीच."

विमलबाईंना आयुष्यात पहिल्यांदा कोणी काउंटरच्या पलीकडून सरळ काही समजावून सांगत होतं. त्यांनी त्या रिकाम्या खाचेला बोट लावून पाहिलं.

जोडणी उघडली. निशिगंधाने चित्र फिरवलं, उलटं केलं, एक भाग बाहेर ओढला, परत बसवला. थिजलं नाही. विमलबाईंनी तीनदा करायला लावलं. तिन्ही वेळा चाललं.

"आता खोट सांग," त्या जुनेदला म्हणाल्या. "खोट नसलेली वस्तू मी घेत नाही."

"बॅटरी. चाळीस मिनिटं, वर एक नाही. गावात लाइट गेली की बसून राहा. आणि जड आहे, खांदा दुखेल."

"खांद्याचं सोड, तिच्या मायची कंबर पाह्य. किती?"

चोवीस हजार. तीन महिन्यांत काही बिघडलं तर फुकट दुरुस्ती, हे त्याने कागदावर लिहून सही करून दिलं. उरलेल्यातून नवी बॅटरी मागवायची ठरली. बसमध्ये विमलबाईंनी तो पाटा स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अमडापूर येईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. मध्येच म्हणाल्या, "पयलेच तुयं ऐकलं असतं त एक चक्कर वाचली असती." एवढीच काय ती कबुली. पुन्हा मागितली तर मिळणार नाही अशी.

त्या रात्रीपासून नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपासून काम सुरू झालं, कारण रात्री लाइटच नव्हती. निंदून आल्यावर विमलबाई पोरीच्या मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर फिकट रेघांचं जाळं होतं, उभ्या-आडव्या, आणि निशिगंधा रेघ जिथे रेघेला कापते तिथे नेमकं टोक टेकवत होती.

"हे त वावर हाय," विमलबाई म्हणाल्या. "फुल्या पाडल्या तू."

"हाव, माय."

"मंग यात अवघड काय हाय?" म्हणून त्या चहा टाकायला गेल्या.

अठरा सप्टेंबरला एकतीसच्या एकतीस भाग जोडून, खटका दाबून, चोच उघडून दाखवणारं चित्र निशिगंधाने दिलं. चारात तिचा तिसरा नंबर आला. जानेवारीत कॉलेजच्या वर्कशॉपमधून खरी काठी घरी आली, लोखंडाची, वंगणाचा वास असलेली. अंगणात टोळीच्या बायका जमल्या. पंजाबरावाने काठीनेच जमिनीवर रेघा ओढून दहा फुल्या पाडल्या. विमलबाई सरळ, ताठ उभ्या राहिल्या. वीस वर्षांत त्यांना सरकी टोबताना ताठ कोणी पाहिलं नव्हतं. काठी टेकवली, खटका दाबला. दहा वेळा.

मग मात्र त्या वाकल्या आणि एकेक फुली बोटाने उकरून मोजू लागल्या.

"इथं एक. इथं एक. इथं तीन. इथं काहीच नाही," विमलबाई म्हणाल्या. "दहात सहा बरोबर. एका फुलीवर तीन तीन सरक्या टाकते, पाकीट का तुया मामानं फुकट देल्लं?"

बायका हसल्या. निशिगंधाचा चेहरा पडला.

"थोबाड काऊन पाडतं? सहा म्हंजे साठ टक्के. पयल्या खेपेले साठ उगवलं त बियाणं मेलं नाही." त्यांनी नळीचं भोक डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. "हे मोठं झालं. अन् खटका लवकर सुटते. तो पाटा आण बाहेर."

निशिगंधाने काळा, खरचटलेला लॅपटॉप अंगणात आणला. नवी बॅटरी होती, लाइट असो नसो. चित्रातलं भोक दहा मिलिमीटरचं साडेआठ केलं. विमलबाई शेजारी उकिडव्या बसल्या, चिमटीत एक सरकी धरून, पडद्याजवळ नेऊन माप लावत.

"अजून जरासंक," त्या म्हणाल्या. "जून दूर हाय. पाह्य उगवून."